थेंब दिसायला छान, वाळायला वाईट

या वेळच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे: हवा दमट, गाडी सतत ओली, आणि रंगाची रया जातेय. बहुतेकांना विचारायचं असतं ते एवढंच, की वरून काय लावू? मी रंगाच्या बूथमधून डिटेलिंगकडे, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि रंगाची निगा राखण्याच्या कामाकडे आले. त्यामुळे माझी नजर आधी रंग किती शिल्लक आहे याकडे जाते, मग पाणी कुठे थांबतंय याकडे. वरून काय लावायचं हा प्रश्न माझ्याकडे तिसऱ्या नंबरवर येतो. हा माझा हट्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढची उत्तरं वाचताना फार खुपणार नाही.

प्रश्न: ताई, आमची गाडी उघड्यावर असते आणि पावसाळाभर भिजते. घरात वाद असा, की पाऊस गाडी धुतोच, मग आपण पुन्हा पाणी मारून ती आणखी ओली कशाला करायची? निकाल तुम्ही द्या. – वादातली एक बाजू

उत्तर: तुम्ही कोणत्या बाजूचे ते कळवलं नाहीत हे बरं केलंत. पाऊस गाडी धूत नाही. तो टपावरची धूळ सैल करतो, ओघळांबरोबर खाली आणतो आणि बॉनेटच्या कडेला, आरशाखाली, डिकीच्या खाचेत ठेवून निघून जातो. अर्धवट पाऊस पडला तर धुळीवर ठिपके ठेवतो. आणि गाडीचा खालचा अर्धा भाग, जिथे चाकांनी उडवलेला चिखल, डांबर आणि ब्रेकची भुकटी बसते, तिथे पाऊस नीट पोचतच नाही.

खरी गंमत त्या खालच्या भागातच आहे. मडगार्डच्या आतला चिखल बाकीची गाडी सुकल्यावरही कित्येक दिवस ओला राहतो. लोखंडाला गंजायला पाऊस लागतो असंही नाही. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि गंजाचा वेग वाढतो. समुद्राजवळ तर मिठाचा पातळ लेप असतोच. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, म्हणजे आठवडाभर पाऊस नसला तरी तो लेप ओलाच. तेव्हा गाडी धुवा, आणि सुरुवात खालून करा.

मी आधी चाकं आणि मडगार्डच्या आतल्या बाजू पाण्याच्या दाबाने मोकळ्या करते. मग सगळ्या गाडीवर फोम, तो वाळायच्या आत स्वच्छ पाणी, आणि त्यानंतरच रंगाला हात लावते. बादल्या दोन, एकीत शाम्पू आणि दुसरीत मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी. आधी टप, काचा, बॉनेट, मग दारांचा वरचा भाग. दाराच्या पट्टीखाली वापरलेला मिट पुन्हा वर न्यायचा नाही, त्यासाठी वेगळाच ठेवा. हात गोल न फिरवता सरळ चालवा. शाम्पू न्यूट्रल घ्या. भांड्यांचा साबण चिकटपणा काढतो तसा वॅक्सही काढतो.

आणि आता ज्यासाठी मी माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना रोज बोलते ते: गाडी सुकवणं हे धुण्याइतकंच काम आहे. कोरड्या हवेत चुकलेलं पाणी उडून जातं, दमट हवेत ते तिथेच मुक्काम करतं. जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरवून पाणी टिपा, रगडू नका. मग ब्लोअर असेल तर आरसे, दारांच्या मुठी, टाकीचं झाकण, नंबरप्लेटच्या मागची फट, मागच्या दिव्यांच्या कडा, बॉनेटवरचा लोगो. ब्लोअर नसेल तर सगळी दारं आणि डिकी उघडी ठेवा, कडा पुसा आणि एक छोटी चक्कर मारून या. चक्कर ब्रेकसाठीही हवी. ब्रेकच्या डिस्कवर धुतल्यानंतर दिसणारा नारिंगी थर दोन-चार वेळा ब्रेक दाबले की जातो, त्याला घाबरू नका.

प्रश्न: काळी सेडान, बोअरचं पाणी. धुतल्यावर बॉनेटवर पांढरी वर्तुळं राहतात, शाम्पूने जात नाहीत. सिरॅमिक कोटिंग केल्यापासून ती वाढली आहेत असं वाटतं. कोटिंग करणारे म्हणतात, हा तुमचा भास. – काळ्या रंगाला कंटाळलेला

उत्तर: भास नाही.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळताना आतलं पाणी कडेकडे सरकतं आणि बरोबरचा क्षारही तिकडेच नेतं. म्हणून डाग भरीव नसतो, वर्तुळ असतं. आता कोटिंगचा, म्हणजे रंगावर चढवलेल्या पाणी झटकणाऱ्या पातळ थराचा भाग. पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागावर थेंब पसरत नाही, उंच उभा राहतो. थेंबाच्या कडेशी जो कोन होतो तो 90 अंशांच्या वर गेला की पृष्ठभागाला पाणी झटकणारा म्हणतात. कमळाच्या पानावर तो 150 अंशांच्या वर असतो, त्यामुळे थेंब घरंगळतो आणि धूळही घेऊन जातो. बार्टलॉट आणि नाइनहुइस या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1997 साली हे पानाच्या बारीक खडबडीत रचनेशी जोडून दाखवलं, आणि तेव्हापासून गाडीच्या प्रत्येक बाटलीवर कमळ आलं. पण गाडीवरचं कोटिंग गुळगुळीत असतं आणि त्याचा कोन 100–110 अंशांच्या आसपास. उभ्या दारावरून थेंब घसरतात. सपाट बॉनेटवर ते नुसते उभे राहतात.

दमट हवेत ते तासन्‌तास उभे राहतात. त्यात धूळ पडत राहते. मग ढग सरकतात, ऊन येतं, आणि सगळा ऐवज एका छोट्या जागेत आटतो. कोटिंग नसलेल्या गाडीवर तेच पाणी पातळ पसरलं असतं आणि डाग फिका पडला असता. जाहिरातीत टपोऱ्या थेंबांचा फोटो असतो, ते थेंब वाळल्यानंतरचा फोटो मी अजून पाहिलेला नाही. कोटिंग चांगलं की वाईट हे मी थेंबांवरून ठरवत नाही. पाणी किती लवकर आणि किती एकसंध वाहून जातं ते बघते.

उपाय. डाग ताजा असेल तर ओल्या मायक्रोफायबरने जाईल. जुना असेल तर क्षाराला आम्ल लागतं, शाम्पू कितीही महाग आणलात तरी उपयोग नाही. वॉटर स्पॉट रिमूव्हर वापरा, नाहीतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या. सावलीत, पत्रा गार असताना, आधी एका कोपऱ्यावर करून बघा. फडकं भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, टिपा, भरपूर पाण्याने धुवा. वाळू मात्र देऊ नका.

एवढं करूनही टॉर्चच्या उजेडात वर्तुळ दिसत असेल तर तो डाग राहिलेला नाही, रंगात खड्डा पडलाय. मग हलकं पॉलिश करावं लागतं आणि तिथलं कोटिंगही त्याबरोबर जातं. खड्डा खोल असेल तर मी तो सोडून देते. एका वर्तुळासाठी क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पातळ करणं हा घाट्याचा सौदा आहे.

पुढे डाग होऊ नयेत म्हणून शेवटचं पाणी कमी क्षाराचं घ्या. एक-दोन बादल्या पुरतात. नळीचं तोंड काढून पाणी हळू, टपापासून सोडा, म्हणजे ते चादरीसारखं एकसंध उतरतं आणि थेंब मागे कमी राहतात. आणि आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी 'वाया कशाला घालवा' म्हणून गाडीवर ओतणारे पुष्कळ आहेत, त्यांना हात जोडून विनंती: त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी धुवायला वापरा.

प्रश्न: सिरॅमिक कोटिंग घरच्या गॅरेजमध्ये स्वतः लावायचं ठरवलंय. बाटलीवर 9एच कठीणपणा आणि बरीच वर्षं टिकेल असं लिहिलंय. आमच्याकडे हवा कायम दमट. काय काळजी घेऊ?

उत्तर: आधी 9एच. हा आकडा पेन्सिलींचा आहे. पेन्सिलचं शिसं 45 अंशांत धरून 750 ग्रॅम वजनाने थरावर ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलने चरा पडतो ते बघतात. त्या संचातली सगळ्यात कडक पेन्सिल म्हणजे 9एच. पेन्सिल रस्त्यावर उडत नाही, वाळू उडते. वाळूतलं क्वार्ट्झ खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्‌सच्या मापावर 7 आहे. तिच्यापुढे मायक्रॉन-दोन मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कोटिंग काय टिकणार? कोटिंगमुळे घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, पक्ष्यांची विष्ठा आणि क्षार रंगापर्यंत पोचायला जरा वेळ लागतो. हे फायदे खरे आहेत आणि मी स्वतः कोटिंग लावते. ओरखडे मात्र ते थांबवत नाही.

आता दमटपणा. बहुतेक कोटिंग्जमध्ये सिलोक्सेन किंवा सिलाझेन जातीची रसायनं असतात आणि ती हवेतल्या ओलाव्याशीच क्रिया करून घट्ट होतात. म्हणजे लोकांना वाटतं त्याच्या उलट घडतं. दमट हवेत कोटिंग वाळत नाही असं नाही, ते फार लवकर आवळतं. कोरड्या दिवशी जितका वेळ थांबून पुसायचं, तितका थांबलात की फडकं अडकायला लागतं आणि काळपट, इंद्रधनुषी पट्टे उरतात. ते त्याच क्षणी पुसले तर निघतात, दुसऱ्या दिवशी पॉलिशरच काढावा लागतो.

म्हणून एका वेळी बॉनेटचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त नाही. बाजूला सरकता दिवा धरा आणि पत्र्याकडे तिरकं बघत राहा. थर किंचित तेलकट, रंगीत दिसायला लागला की पुसा, घड्याळाकडे बघू नका. फडकी भरपूर ठेवा, कारण तीही कोटिंग पिऊन कडक होतात आणि कडक झालेलं फडकं चरे पाडतं. बाटलीबरोबरच्या कागदावर तापमानाची आणि आर्द्रतेची मर्यादा असते. साधा आर्द्रतामापक भिंतीला टांगा आणि काटा मर्यादेच्या वर असेल तर त्या दिवशी दुसरं काम करा. गॅरेज बंद करून एसी किंवा डिह्युमिडिफायर चालवता येत असेल तर उत्तम.

लावण्यापूर्वी फटींतलं पाणी पूर्ण सुकलेलं हवं. आदल्या दिवशी धुवा. आरशातून एक थेंब ओघळून ताज्या कोटिंगवर आला की त्याची रेघ तिथे कायम राहते. लावल्यावर निदान एक दिवस गाडीला पाणी लागू देऊ नका, दवसुद्धा नको, आणि आठवडाभर शाम्पू नको. तुमच्या गॅरेजला दार नसेल तर सरळ सांगते: पावसाळ्यात सीलंट (वॅक्ससारखा पुसून लावायचा कृत्रिम लेप) लावा आणि कोटिंगचा बेत कोरड्या महिन्यांसाठी ठेवा. सीलंट काही महिनेच टिकतं, पण चुकलं तर धुऊन पुन्हा लावता येतं.

प्रश्न: पांढऱ्या गाडीवर सुईच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके आलेत. नवी गाडी गंजली का?

उत्तर: बहुधा नाही. ब्रेकमधून किंवा रेल्वेच्या रुळांवरून उडालेले लोखंडाचे कण रंगावर बसले आणि दमट हवेत तेच गंजलेत. पत्रा खाली शाबूत आहे. आयर्न रिमूव्हर फवारा. तो लोखंडाला लागला की जांभळे ओघळ येतात आणि वासाने नाक मुठीत धरावं लागतं. सावलीत करा, वाळू देऊ नका, भरपूर धुवा. उरलेल्या कणांसाठी क्ले बार (रंगावर अडकलेले कण उचलणारी मऊ, मातीसारखी वडी), पण भरपूर ओलावा ठेवून. क्ले हातातून खाली पडला तर तो टाकून द्या, झटकून पुन्हा वापरू नका. रंग साफ झाला का हे बघायला हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. जे उघड्या बोटांना कळत नाही ते पिशवीतून खरखरीत लागतं.

प्रश्न: दर वर्षी पावसाळा संपला की मी गाडीला मशीनने रबिंग-पॉलिश करून घेतो. चमक येते. पण या वर्षी टपावर एका जागी रंग पांढुरका होऊन पापुद्रे सुटल्यासारखा दिसतोय. पॉलिश कमी पडलं का? – नेमाने पॉलिश करणारा

उत्तर: जास्त झालं.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वर असे थर असतात: विजेच्या टाकीत बुडवून चढवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट 35 ते 50. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरला तर तुमची सगळी चमक अर्ध्याअधिक केसात बसते. ऊन अडवणारी रसायनंही त्याच थरात असतात. प्रत्येक जोरदार कंपाउंडिंगला (खरखरीत पेस्टने घासण्याला) त्यातले काही मायक्रॉन जातात, आणि कडांवर थर मुळातच पातळ असतो. तुमच्या टपावर तो संपत आला आहे आणि खाली ऊन-पाणी शिरलंय. याला पॉलिश हा उपाय नाही. तो भाग पुन्हा रंगवावा लागेल.

दुसरी गोष्ट, दर वर्षी आलेली चमक खरीच होती का? पुष्कळ ठिकाणी पॉलिशमधल्या तेलांनी आणि भरावाने चरे नुसते बुजवतात. दोन-चार धुण्यांत ते पुन्हा उघडे पडतात आणि मालक पुढच्या वर्षी पुन्हा येतो. काम झाल्यावर एका कोपऱ्यावर पॅनल वाइपने (तेल काढणाऱ्या द्रावाने) पुसायला सांगा. चरे परतले तर काय केलंय ते कळतं.

माझ्या गळ्यात जाडी मोजायचं यंत्र कायम असतं. लोखंडावर ते चुंबकाच्या तत्त्वाने मोजतं, ॲल्युमिनियमवर एडी करंटने (पत्र्यात उठणाऱ्या विजेच्या भोवऱ्यांनी), आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर या जातीचं यंत्र मोजतच नाही. तेही सगळ्या थरांची बेरीज सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही, म्हणून आकड्याचा अर्थ लावावा लागतो. पण जिथे मशीन फिरवण्याआधी कोणी मोजत नाही तिथे मी माझी गाडी देणार नाही. गोल-गोल बारीक चरे मुळात धुताना पडतात. धुण्याची पद्धत सुधारा, म्हणजे पॉलिश क्वचितच लागेल.

प्रश्न: रात्रभर दव पडतं म्हणून गाडीवर कव्हर घालतो. तरी सकाळी कव्हरखाली गाडी घामेजलेली असते. कव्हर बदलू की काढू?

उत्तर: काढा, निदान पावसाळ्यात. ओल्या गाडीवर घातलेलं प्लॅस्टिकचं कव्हर पाणी आत कोंडतं, ऊन चढलं की तीच वाफ रंगावर बसते, आणि वाऱ्याने फडफडताना आतली धूळ रंग घासते. जुन्या किंवा पुन्हा रंगवलेल्या गाडीवर यातून फोड आलेले मी पाहिलेत. छप्पर मिळत असेल तर कव्हरपेक्षा छप्पर केव्हाही बरं, बाजू उघड्या असल्या तरी चालतील. झाडाखाली लावावीच लागत असेल तर हवा खेळणाऱ्या कापडाचं कव्हर घ्या आणि ते फक्त कोरड्या, धुतलेल्या गाडीवर चढवा.

प्रश्न: मागच्या चाकाच्या कमानीवर खडी लागून रंगाचा टवका उडालाय. कडेला फुगवटा आहे. टच-अप पेन आणलंय, पाऊस थांबत नाही. लगेच लावू की थांबू? – टच-अप पेन हातात घेऊन बसलेली

उत्तर: फुगवट्यावर लावू नका. फुगवटा म्हणजे रंगाखाली गंज सरकायला लागलाय, वरून पेन फिरवलंत तर तो झाकला जाईल आणि आरामात पसरेल.

कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबा. तोपर्यंतची तजवीज अशी: जागा धुवा, हेअर ड्रायरने कोमट वाऱ्यात सुकवा आणि वर वॅक्सचा जाड लेप द्या. पुन्हा भिजली की पुन्हा द्या. कोरडा दिवस मिळाला की सुटलेला रंग ब्लेडच्या टोकाने काढा, बारीक पॉलिशपेपरने घट्ट रंगापर्यंत घासा, काळपट खळगे उरत असतील तर रस्ट कन्व्हर्टर (गंज स्थिर करणारं रसायन) लावून त्याला त्याच्या सूचनेइतका वेळ द्या. नंतर प्रायमर, रंग, क्लिअर कोट. प्रत्येक थर पातळ, आणि प्रत्येकाला पुरेसा वाळायला वेळ. प्रायमर न लावता थेट रंग लावला तर पुढच्या पावसात तुम्ही मला हेच पत्र परत लिहाल.

कोरडा दिवस कोणता हे अंदाजाने ठरवू नका. रंगकामाचा जुना दंडक आहे की पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं) निदान 3 अंश गरम हवा. हवा 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू 25 अंशांच्या थोडा वर येतो. म्हणजे पत्राही 28 अंशांवर असला तरी अंतर 3 भरत नाही. त्यात थिनर उडताना पत्रा आणखी गार होतो, त्यावर न दिसणारं दव धरतं आणि रंग दुधाळ होतो. बूथमध्ये आम्ही याला ब्लशिंग म्हणायचो आणि अशा दिवशी सगळे रंगारी नुसते गप्पा मारत बसायचे, मालक कितीही ओरडला तरी. पत्रा कोमट करून घेतलात तर ती अट घरीही पाळता येते.

बोटाच्या पेरापेक्षा मोठा फुगवटा असेल किंवा आतून दाबल्यावर पत्रा मऊ लागत असेल तर ते काम पेनचं नाही. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा.

प्रश्न: वॅक्स असलेला शाम्पू सुरू केल्यापासून वायपर थडथडतात आणि रात्री समोरून दिवे आले की काच धुरकट दिसते.

उत्तर: शाम्पूतलं वॅक्स काचेवर बसलंय. काच ग्लास क्लीनरने, नाहीच निघालं तर काचेच्या पॉलिशने साफ करा, वायपरचं रबर ओल्या फडक्याने फडकं काळं होणं थांबेपर्यंत पुसा. पुढे समोरची काच साध्या शाम्पूने वेगळी धुवा. रात्री, पावसात न दिसणं हा चमकेपेक्षा मोठा विषय आहे, म्हणून हे आजच करा.

प्रश्न: पुढच्या भागावर पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावून थोडेच दिवस झालेत. फिल्मखाली दुधाळ ठिपके आणि पाण्याचे फुगे दिसतात. दुकानदार म्हणतो, सुईने टोचा.

उत्तर: टोचू नका! फिल्म बसवताना खाली पाणी फवारलेलंच असतं, ते फिल्ममधून हळूहळू बाहेर पडतं. कोरड्या हवेत काही दिवसांत, दमट हवेत काही आठवडे. बोटाने दाबल्यावर फुगा हलत असेल तर ते पाणी आहे, वाट बघा, गाडी उन्हात उभी करत जा. टोचलंत तर तिथून घाण शिरेल आणि काळा ठिपका कायम राहील. फुगा टणक असेल, आत कण दिसत असेल, किंवा कडा उचलली जात असेल तर ते कामातलं वैगुण्य आहे आणि ते बसवणाऱ्यानेच निस्तरायचं.

पीपीएफबद्दल एवढं सांगते, की खडीच्या माऱ्याला वरून लावता येण्याजोगं खरं उत्तर तेच आहे. दीडशे-दोनशे मायक्रॉनची पॉलियुरेथेन फिल्म, म्हणजे खालच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. मात्र कडांवर मळाची काळी रेघ धरते. दर धुण्याला मऊ ब्रश कडेवरून हलका फिरवा, कडेच्या दिशेने, आणि प्रेशर वॉशरचा फवारा कडेवर सरळ मारू नका.

प्रश्न: काचांच्या रबरात हिरवा थर आणि दारांच्या बीडिंगवर काळी बुरशी येते. पुसली की महिन्यात परत.

उत्तर: परत येते कारण आत पाणी साचतंय. आधी पाणी जायची वाट शोधा. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, समोरच्या काचेखालच्या जाळीत पाला अडकून तिथली मोरी तुंबते, आणि सनरूफ असेल तर तिच्या कोपऱ्यांतल्या नळ्या. दाराची भोकं प्लॅस्टिकच्या काडीने मोकळी करा, तारेने नको, तारेने आतला रंग खरवडला जातो. दार हलवल्यावर आत पाणी खळखळत असेल तर ती तुंबलेली आहेतच.

मग थर मऊ टूथब्रशने आणि पातळ केलेल्या ऑल पर्पज क्लीनरने काढा, फडक्याने टिपा, दारं उघडी ठेवून पूर्ण सुकू द्या. ब्लीच वापरू नका, रबर कडक होतं आणि शेजारच्या रंगावर ओघळ गेला तर नवं काम निघतं. सुकल्यावर रबरावर पाण्यात मिसळलेलं, तेलकट नसलेलं ड्रेसिंग पातळ लावा. काचा बसवलेल्या रबराच्या आतल्या खोबणीत हिरवा थर खूप आत गेला असेल तर पातळ फडकं प्लॅस्टिकच्या पट्टीवर गुंडाळून फिरवा. हे काम कंटाळवाणं आहे, माझ्याकडची पोरंही टाळतात, आणि म्हणून मी ते त्यांना सगळ्यात आधी करायला लावते.